गासच्या बांधावर सात्या

कुत्र्याच्या छत्र्या बघायला मी वसईला निघाले आहे असं सांगितलं, तेव्हा आमच्या चांद्याच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत जो हशा पिकला तो मी आता साभार परत करते आहे. माणसं काश्मीरला जातात, गेलाबाजार महाबळेश्वरला तरी जातात. मी साठवलेली रजा भूछत्रांवर उधळली आणि तिचं सोनं झालं! हसणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, आणि पुढच्या वर्षी माझ्याबरोबर यायचं असेल तर आत्तापासून माझी मनधरणी करावी.

वसईच का, तर तिथे फिलोमिना आहे. पुण्याला बी.एड. करताना आम्ही एका खोलीत राहायचो. मी पावसाळ्यात वसतिगृहाच्या मागच्या कुजक्या लाकडांवरून नाना तऱ्हेच्या बुरश्या आणून खिडकीत मांडायची आणि ती नाक धरून त्या बाहेर फेकायची. ‘आमच्या गासला ये, ढिगाने दाखवते,’ असं तीच म्हणायची. म्हणजे ही सगळी तिचीच करणी.

गास

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला गाव संपून हिरवं सुरू होतं तिथे गास आहे. चांद्याचं जंगल उंच, कोरडं आणि सागवानी. इथलं हिरवं बसकं आणि पाण्याने तट्ट फुगलेलं. केळीची वाडी, तिच्या कडेने पानवेली, मध्ये बावखल. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, विहिरीपेक्षा रुंद आणि तलावापेक्षा लहान. त्याच्या काठावर तेरडा फुलला होता. एका म्हाताऱ्या फणसाच्या बुंध्याला तर चक्क कान फुटले होते! तपकिरी, मऊ, माणसाच्या कानासारखे बुरशीचे कान, एकावर एक. मी अजून पिशवी खाली ठेवली नव्हती आणि त्या फणसाला मिठी मारून उभी होते.

“आय, हीच ती,” फिलोमिना घरात ओरडून म्हणाली. “आली आणि झाडाशी बोलायला लागली.”

तिची आई, कतरीनमावशी, लाल लुगड्याला हात पुसत बाहेर आली. मी मासे खात नाही हे कळल्यावर तिचा चेहरा असा पडला, जणू मी आजारीच आहे. “मग तू जगतेस कशावर, बाय?” तिने अगदी काळजीने विचारलं आणि माझ्यासमोर सुकेळ्यांचं ताट ठेवलं. वाळवलेली, मधासारखी चिकट केळी. मी जगते कशावर ते त्या ताटाला लगेच कळलं.

ओट्यावर इनासकाका बसले होते, फिलोमिनाचे वडील. उंच, सडपातळ, हात मोठे. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा समोरच्या वाटेकडे बघत राहिले. त्या माणसाला काहीतरी झालंय हे पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. मावशी कंदिलाची काच पुसता पुसता म्हणाली, “एकदा शेतावर जाऊन ये.” ते म्हणाले, “काय बगू तिथं?” बोलणं तेवढ्यावरच संपलं.

नंतर वाडीत फिलोमिनाने सांगितलं. केळीची वाडी आता तिच्या भावाच्या हाती आहे. काकांनी स्वतःसाठी भातशेतीचा एकच तुकडा ठेवला होता. या वर्षी पाऊस जाता जाईना. उधाणाला खाडीकडचा बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि लोंब्या धरलेलं भात आडवं झालं. काका ते एकदा बघून आले ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

“आणि रविवारी आगेरा आहे,” ती म्हणाली.

आगेरा हा इथल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचा नव्या भाताचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जो तो आपल्या शेतातल्या पहिल्या लोंब्या घेऊन देवळात जातो. देऊळ म्हणजे चर्च. इथे त्याला देऊळच म्हणतात, आणि मी पहिला दिवसभर गावात कळस शोधत होते! फादर लोंब्यांना आशीर्वाद देतात, मग त्या घरी आणून दाराशी टांगायच्या. आमच्याकडे दसऱ्याला नव्या धानाचं तोरण लावतात त्याचाच हा भाऊ. इनासकाकांचा आगेरा आजवर चुकला नव्हता. या वर्षी ते जाणार नव्हते.

“केळी नेऊ देत की,” मी म्हटलं.

“आम्ही म्हणून बघितलं. म्हणतात, केळी पोराच्या हातची. रिकाम्या हातांनी जाणार नाही आणि दुसऱ्याचं नेणार नाही.” फिलोमिनाने एक पान तोडून चुरगळलं. “आईचं मला जास्त वाईट वाटतं गं. ती एकटी कशी जाईल? आजवर दोघं एकदम गेलीत.”

रात्री जेवताना मी वातावरण हलकं करायला म्हणून विचारलं, “मावशी, तुमच्याकडे आळंबी कुठे येतात?”

चमचे थांबले. मावशी भाकरीकडे बघत म्हणाली, “आळंबी? इथे कुटली आलीत!” इनासकाका खोकले. फिलोमिना टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती.

“अगं वेडे,” ती नंतर हसून हसून बेजार झाली, “आळंब्यांची जागा इथे कोणी कोणाला सांगत नाही. मुलीला तर नाहीच, ती उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. सापडली तर तोंड मिटून, टोपलीवर फडकं टाकून घरी यायचं. ज्याची पहिली नजर पडेल त्याची आळंबी, मग जमीन कोणाची का असेना.”

मला हसूही आलं आणि नवलही वाटलं. आमच्याकडे पोळ्याच्या सुमाराला वीज कडाडली की वारुळांवर ह्याच येतात. आम्ही त्यांना सात्या म्हणतो. जंगलात एखाद्याला सात्या दिसल्या की तो जी आरोळी ठोकतो ती दोन टेकड्यांपलीकडे जाते, आणि मग सगळी पळसाच्या पानांचे द्रोण घेऊन धावतात. आरोळी न ठोकता गुपचूप सात्या घरी नेणाऱ्याला आम्ही चोर म्हणू!

राजोडी

दुसऱ्या दिवशी समुद्रावर. आयुष्यात समुद्र मोजून थोडा पाहिलेली मी, पण खरं सांगते, पाण्याकडे माझं लक्षच गेलं नाही. वाळूवर मर्यादवेल पसरली होती, जांभळी फुलं थेट लाटांपर्यंत धावत गेलेली. आणि मागे सुरूचं बन! सुरूच्या सुयांची गादी आणि त्या गादीतून वर डोकावणारे बुरशीचे गोल गोल करडे चेंडू. बटाटे पेरावेत तसे. मी खाली बसायला गेले ते नेमकी एका पिकलेल्या चेंडूवर बसले. फस्स! तपकिरी भुकटीचा ढग उठला आणि माझं पांढरं वॉईलचं पातळ मागच्या बाजूने तपकिरी झालं.

फिलोमिना वाळूत लोळून हसत होती. जवळच बांबूंवर बोंबील वाळत घालणारी एक कोळीण कंबरेवर हात ठेवून आली. मी तिला उत्साहाने सांगू लागले की ह्या भुकटीचा कण न् कण म्हणजे एक बी आहे, आणि आता मी जिथे जिथे बसेन तिथे तिथे ही उगवेल.

“मग आमच्या बोंबलांपासून लांब बस,” ती म्हणाली. “आनि खाऱ्या पान्यानं धुवू नको, डाग बसंल. कोनाकडे उतरलीस?”

मी इनासकाकांचं नाव सांगितलं.

तिचा आवाज एकदम खाली आला. “त्याचं भात गेलं ना? आगेऱ्याला येनार नाय म्हनतात.” मग फिलोमिनाकडे वळून, “आयला सांग, आमी इचारलं म्हनून.” तिने गोड्या पाण्याचा तांब्या आणून दिला आणि माझ्या मागचा डाग स्वतः घासून काढला. राजोडीपर्यंत ही गोष्ट पोचली होती, म्हणजे रविवारी काकांची रिकामी जागा सगळ्यांना दिसणार होती.

तुंगारेश्वर

शनिवारी डोंगर. वालीवला नवे कारखाने उभे राहताहेत, पत्र्यांच्या शेडींतून घणांचे आवाज येतात. ते मागे पडले आणि ओढ्यापाशी झाडांनी आम्हाला आत घेतलं, तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. साग, ऐन, कुसुंब, कळंब, सगळे ओळखीचे. त्यांना मी नावाने हाका मारल्या. फिलोमिना म्हणाली, वर्गात हजेरी घेतेस तशी घेतेयस. पण आमच्याकडे या दिवसांत पानं राठ होऊ लागतात, इथे अजून प्रत्येक खोडावर शेवाळ आणि प्रत्येक दगडाआड तेरडा. कळलावीची लाल-पिवळी फुलं झुडपांतून ज्वाळांसारखी वर आली होती.

एका पडलेल्या फांदीवर चिमुकली घरटी दिसली. खरंच घरटी! नखाएवढ्या वाट्या आणि त्यांत करडी अंडी. पुस्तकात चित्र पाहिलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघत होते. मी जमिनीवर पालथी पडले आणि किंचाळले. पावसाचा थेंब वाटीत पडला की अंडी उडून लांब पडतात आणि तिथे नवी बुरशी उगवते. हे फिलोमिनाला सांगताना माझा श्वास लागला होता.

मग बांबूच्या बेटात ती दिसली. वीतभर उंच, पांढरीशुभ्र, आणि टोपीखालून जमिनीपर्यंत सोडलेला जाळीदार झगा, इतका बारीक विणलेला की कोणी क्रोशाने काढला असावा.

“अगं, ही तर नवरी!” फिलोमिना कुजबुजली. त्यांच्याकडे आताशा नवऱ्या डोक्यावरून अशीच पांढरी जाळी सोडतात. ती हरखून पुढे झाली, वाकली, आणि नाक दाबून मागे पळाली. “शी! हिच्या अंगाला मेलेल्या घोळ मासळीचा वास येतोय!”

येणारच. त्या वासाला माश्या येतात आणि तिची बीजं नेतात. “वरात माश्यांची आहे,” मी म्हटलं. तिचे फोटो काढण्यात मी इतकी रंगले की कॅमेऱ्यातला रोल तिथेच संपवला. आज माझ्याकडे त्या दुर्गंधी नवरीची समोरून, बाजूने आणि वरून छायाचित्रं आहेत आणि दुसऱ्या दिवशी जे घडलं त्याचं एकही नाही. म्हणून तर हे लिहावं लागतंय.

घरी परतलो तेव्हा मावशीने काकांचा आगेऱ्याचा पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर घातला होता. काका त्या खुर्चीवर बसायचं टाळून ओट्यावर बसले होते.

“एकदा शेतावर जाऊन ये,” मावशी म्हणाली.

“तुला दुसरं काय सुचत नाय का?” काका एवढंच बोलले आणि आत गेले.

पुन्हा गास

रविवारी मला पहाटेच जाग आली. सगळी मिस्साच्या, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेच्या, गडबडीत होती. मी एकटीच बाहेर पडले आणि जिथे मला कोणी नेलं नव्हतं तिकडे, शेताकडे, वळले.

काकांचं शेत लगेच ओळखू आलं. भात आडवं, चिखलात माखलेलं, लोंब्या काळ्या पडलेल्या. खाऱ्या पाण्याचा डाग बांधावर सरळ रेघेसारखा दिसत होता. वरचा कोपरा मात्र कोरडा होता. तिथे करंजाचं झाड आणि त्याच्या बुडाशी एक जुनं वारूळ. वारुळाच्या पायथ्याशी केळीचं पान पडलं होतं आणि त्यावर धोंडा होता. पान उचलून खाली काय आहे ते बघायचं ही माझी जन्माची खोड. मी धोंडा सरकवला, पान उचललं.

खाली सात्या होत्या! पंचवीस-तीस तरी असतील, नुकत्या उघडलेल्या, दुधाळ, मधोमध करडं टोक, एकीला एक लागून. ऑक्टोबरात! ज्या उशिराच्या पावसाने भात नेलं त्यानेच त्या आणल्या होत्या. मी कुठे आहे, कोणाच्या गावात आहे, सगळं विसरले. तोंडातून ती आमची चांद्याची आरोळी निघाली.

“सात्याऽऽ! सात्याऽऽ! अरे धावा, सात्याऽऽ!”

मला वाटतं ती राजोडीलाही ऐकू गेली असावी.

आधी शेजारच्या वाडीतून एक गृहस्थ आले, हातात दोरखंड. त्यांच्यामागे लांब बांबू घेऊन एकजण. मग नव्या लुगड्यांतल्या बायका, चपला हातात घेऊन धावत.

“कोन सात्या?”

“कुटे पडला?”

“बावखलात पडला! बांबू टाका, बांबू!”

बांबूवाला तर बावखलाकडे धावलासुद्धा. मी “अहो, नाही हो, सात्या म्हणजे...” म्हणत होते, पण कोण ऐकतं? आणि त्या सगळ्यांच्या पुढे, अनवाणी, सदऱ्याची बटणं उघडी, इनासकाका बांधावरून धावत येत होते. इतके दिवस या वाटेकडे न फिरकलेला माणूस कोणी सात्या बुडतोय म्हणून धापा टाकत शेतात येऊन उभा राहिला.

“कोन बुडला, बाय?”

मी बोटाने वारूळ दाखवलं. “कोणी नाही, काका. आम्ही आळंब्यांना सात्या म्हणतो.”

मग दोरखंडवाले गृहस्थ खाली बसून हसायला लागले आणि पाठोपाठ सगळे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. या घराने कुणाला कळू न दिलेली जागा मी अख्ख्या गावाला आरोळी देऊन दाखवली होती!

काका हसत नव्हते. ते शेताकडे बघत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वळून वारुळापाशी वाकले. त्यांनी एका आळंबीला बोटाची पाठ लावली. मला वाटलं, सुटले! आता हीच देवळात जाणार. पण ते सरळ झाले.

“तुजी हायत ही, बाय. पैली नजर तुजी.”

“काका, मग माझी मी तुम्हाला देते. आज घेऊन जा देवळात.”

“दुसऱ्याचं मागून देवासमोर ठेवू?” ते रागावले नव्हते, फक्त दमलेले होते. “नको, बाय.”

मी रडकुंडीला आले. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत कतरीनमावशी आली. तिने आधी माझ्या हातातल्या पानाकडे पाहिलं, मग बाजूला सरकवलेल्या धोंड्याकडे.

“पानावर धोंडा कोनी ठेवला, इनास?”

काकांनी पहिल्यांदाच तो धोंडा पाहिला. आपण काय केलं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. पान आणि वर धोंडा म्हणजे ‘बघितली आहेत, हात लावू नका’ अशी खूण. ती मी कचरा समजून उचलली होती.

“मीच ठेवला. कळ्या होत्या तेवा. पैली नजर माजी,” मावशी म्हणाली.

“मग सांगितलं का नाय?”

“किती येळा सांगू? शेतावर जाऊन ये, शेतावर जाऊन ये. तुज्या डोल्यांनी दिसाया पायजे होती.”

काकांनी वारुळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “पन मी पेरली नायत, कतरीन.”

“पोरगा वारूळ खनाया आला तेवा कुदळीसमोर कोन उभा राहिला? मी?” तिचा आवाज चढला आणि मग फुटला. “पेरलेलं गेलं. राखलेलं आलं. आता टोपली आनू का घरी जाऊन बसू?”

बांबूवाला बांबू टेकवून उभा होता. काकांनी सदऱ्याची बटणं लावायला सुरुवात केली, खालपासून वर, एकेक.

“आन टोपली,” ते म्हणाले.

मी सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

आगेरा

देवळापर्यंतच्या रांगेत सगळ्यांच्या हातांत सोनेरी लोंब्या होत्या, कुणाकडे भोपळा, कुणाकडे केळीचा फणा. मधोमध इनासकाका, इस्त्रीचा सदरा, हातात केळीचं पान घातलेली टोपली आणि तिच्यात खुडलेल्यांतल्या अर्ध्या आळंब्या. उरलेल्या अर्ध्या मावशीने घरी ठेवल्या होत्या, आणि काकांनी दोन लहानशा वारुळावरच सोडल्या होत्या. “सात्या बरा हाय का रे आता?” मागून कोणीतरी विचारलं आणि रांग हसली. काकाही हसले. फादर प्रत्येक लोंबीवर हात ठेवत आले, तसाच त्यांनी टोपलीवर ठेवला आणि पुढे गेले. मावशीने फक्त डोळ्यांना पदर लावला.

दुपारी घरात नारळाच्या वाटणातल्या आळंब्यांचा वास सुटला. आमच्याकडे झणझणीत तिखट रस्सा करतात. मावशीच्या आळंब्या सौम्य, जराशा गोडसर, आणि चांद्याच्या लोकांची क्षमा मागून सांगते, आमच्यापेक्षा सरस. मावशीने माझ्या ताटात सर्वांत जास्त वाढल्या. मी मासे न खाऊन कशावर जगते हा प्रश्न तिच्यापुरता सुटला होता.

काका जेवून हात धुऊन आले. ओट्याकडे जाता जाता दारात थांबले.

“उद्या शेतावर जातो,” ते म्हणाले. “बांध घालाया पायजे.”

मावशीने ताटं उचलता उचलता माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“जा,” ती म्हणाली. “पन काय दिसलं तर ओरडू नको.”